घेणाऱ्याला सवड नसते

नेटवर्कच्या इतिहासात कौतुक होतं ते पाठवणाऱ्याचं: वेग किती, केबल किती लांब. मला घेणाऱ्याची गोष्ट जास्त ओढून घेते. पाठवणारा आपल्या सोयीने पाठवतो. घेणाऱ्याला ‘थांब जरा’ म्हणायची सोय नसते. बिट आला तेव्हा टिपला नाही, तर गेला.

२२ मे १९७३ रोजी बॉब मेटकाफ यांनी पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात एक टिपण लिहिलं. ‘ईथरनेट’ हे नाव त्यातलं. कल्पना साधी होती: सगळ्यांची मिळून एक केबल. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार, ज्याचं नाव पुकारलं त्याने घ्यायचं. तिथल्या आल्टो संगणकात एकच प्रोसेसर पडदा, डिस्क आणि नेटवर्क अशी सगळी कामं आलटून पालटून सांभाळायचा. तेव्हाचा वेग सेकंदाला सुमारे २९ लाख बिट; जमून जायचं.

१९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून एक कोटी बिटांचं मानक आणलं. आता एका बिटाला एका सेकंदाचा एक कोटीवा भाग. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक संदेशाआधी १-०-१-० असे ६४ बिट येतात. त्यांत माहिती काहीच नसते. ऐकणाऱ्याने ताल धरावा एवढाच हेतू. शेवटी लागोपाठ दोन १ आले की समजायचं, आता खरा मजकूर. मग ४८ बिटांचा पत्ता: आपला नसेल तर सोडून द्यायचं. शेवटी ३२ बिटांची पडताळणी: हिशेब जुळला नाही तर संदेश निमूट टाकून द्यायचा.

हे सगळं प्रोसेसरने करत बसणं परवडेना, म्हणून ऐशीच्या दशकात त्यासाठी वेगळ्या चिप आल्या. त्यांतल्या ‘लान्स’ चिपची रीत आजही ओळखीची वाटते. पंगतीआधी पानं मांडावीत तशा मेमरीत रिकाम्या जागा मांडून ठेवायच्या. प्रत्येक जागेसोबत एक बिट असतो, सध्या ती कुणाच्या ताब्यात हे सांगणारा. चिप आलेला मजकूर थेट तिथे लिहिते, ताबा प्रोसेसरला देते आणि इंटरप्टची घंटा वाजवते. प्रोसेसर हातातलं काम सोडून धावतो.

गोम त्या घंटेत होती. सेकंदाला दहा कोटी बिटांच्या तारेवरून सगळ्यात लहान संदेश आले, तर सेकंदाला जवळपास १,४८,८०० येऊ शकतात. तितक्यांदा दार उघडायला धावलं तर आत आलेल्याची विचारपूस कोण करणार? जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ च्या निबंधात हीच अवस्था मांडली: यंत्र बंद पडलेलं नाही, क्षणाचीही उसंत नाही, तरी हातून पुरं होणारं काम शून्य. त्यांनी याला ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ म्हटलं.

त्यांचा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. पहिली घंटा ऐकायची, मग घंटा बंद करायची. साठलेल्यातले ठरावीक संदेश उचलायचे, बाकीच्या कामांना पाळी द्यायची, पुन्हा वळायचं. मांडलेली पानं भरली, तर जास्तीचे संदेश चिपपाशीच गळू द्यायचे, त्यांच्यावर मेहनत खर्च होण्याआधी. पुढे लिनक्सने ‘नापी’ नावाने अशीच पद्धत स्वीकारली, आणि अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे.

गळालेला संदेश वायाही जात नाही. पोच आली नाही की टीसीपीने पाठवणारा समोरची अडचण ओळखतो, वेग कमी करतो आणि तो संदेश पुन्हा पाठवतो. ज्या घेणाऱ्याला ‘थांब जरा’ म्हणता येत नव्हतं, त्याने ते असं म्हणून घेतलं.