परिक्रमावासी आणि सदावर्त

आमचं मूळ घर मंडलेश्वरचं. आजोबा नोकरीसाठी इंदूरला आले, पण आजीचा अर्धा जीव नर्मदेकाठीच राहिला. तिच्याकडून ऐकलेली एक गोष्ट आम्हा भावंडांना पाठ होती. दारात ‘नर्मदे हर’ अशी हाक आली की तिच्या सासूबाई आधी पिठाच्या डब्याकडे जात. ज्वारीचं पीठ, मूठभर डाळ, मीठ, दोन मिरच्या. नाव-गाव नंतर, आणि पुष्कळदा ते विचारायचं राहूनच जाई. ‘परिक्रमा कुठून उचलली?’ एवढं मात्र त्या हटकून विचारत.

या कोरड्या शिध्याला सदावर्त म्हणत. अन्नछत्रात शिजवलेलं अन्न मिळतं. सदावर्तात शिधा मिळतो आणि घेणारा काठावर तीन दगड मांडून आपलं आपण शिजवतो. परिक्रमेचा इतिहास लिहिताना आपण पुराणं सांगतो, साधुसंतांची नावं घेतो. मला वाटतं, तो इतिहास या पिठाच्या डब्यापासून सुरू करायला हवा.

कारण परिक्रमेचे नियमच तसे आहेत. नर्मदा सदैव उजव्या हाताला ठेवायची. तिला मिळणाऱ्या नद्या ओलांडायच्या, पण तिचं पात्र ओलांडायचं नाही. ओंकारेश्वरहून दक्षिण तीराने निघालेला माणूस समोर बेटावर ज्योतिर्लिंगाचं शिखर पाहतो, पण परिक्रमा पुरी होईपर्यंत तिथे जात नाही. पश्चिमेला समुद्रापर्यंत चालायचं, विमलेश्वरहून भरतीची वेळ पाहून नावेने मिठी तलाईला उतरायचं, उत्तर तीराने अमरकंटक गाठायचं आणि पुन्हा दक्षिण तीराने मूळ जागी यायचं. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तीर धरून सव्वीसशेच्या वर. चातुर्मासात एका जागी मुक्काम. परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आणि संग्रह करायचा नाही, आजच्यापुरतं घ्यायचं.

हा शेवटचा नियम नीट पाहावा. जवळ पैसा नाही, उद्याची भाकरी नाही, सोबत कोणी नाही. असा माणूस सव्वीसशे किलोमीटर चालू शकतो तो केवळ श्रद्धेवर नव्हे. एका दिवसाच्या चालीवर कुठे ना कुठे कोणी तरी पीठ मोजून ठेवलेलं असायला लागतं, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या. महेश्वरला अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात कारभार केला. त्यांनी बांधलेले घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रं आपल्याला माहीत आहेतच, आणि हा खर्च खासगीतून झाला हेही. पण दोन मोठ्या धर्मशाळांच्या मधलं अंतर भरून काढलं ते गावोगावच्या घरांनी. त्यांची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची?

मराठी माणसाचं या वाटेशी जुनं नातं आहे. सावंतवाडीजवळच्या माणगावात १८५४ साली जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, संन्यासानंतर देशभर पायी फिरले आणि १९१४ साली नर्मदेच्या उत्तर तीरावर गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी परिक्रमा केली आणि पुढे तिच्यातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली. नावातच तो ‘एक’ आहे.

वाटेतला सर्वांत अवघड टप्पा शूलपाणीच्या झाडीचा. दोन्ही तीरांवर सातपुडा आणि विंध्याचे उभे डोंगर, आणि तिथे भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत. कांबळं, भांडं, अंगावरची वस्त्रंसुद्धा जात. परिक्रमावासी या लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणत आणि ही मैयाने घेतलेली परीक्षा समजत. मला हे स्पष्टीकरण पुरेसं वाटत नाही. सदावर्त द्यायला घरात धान्य लागतं. ज्या डोंगरात तेच अपुरं, तिथे वाटसरूची घोंगडी हीही एक चीज होती. समुद्राकडून उत्तर तीराने येणारा माणूस मंडलेश्वरला पोचतो तो ही झाडी पार करूनच. म्हणून पणजीच्या फडताळात पिठाच्या डब्याशेजारी जुन्या धोतरांची एक चळतही असे. आजीला लहानपणी तिचं कारण कळलं नव्हतं.

ती झाडी आता जवळजवळ पाण्याखाली आहे. सरदार सरोवराच्या जलाशयात नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेली हे महाराष्ट्रातलं पहिलं गाव १९९३ साली बुडालं. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं, ते गोऱ्याला नव्याने बांधलं. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली आणि २०१७ साली त्याचं लोकार्पण झालं. ज्यांना लुटारू म्हटलं त्यांचीच घरं, शेतं गेली. काठाची पायवाटही गेली. दक्षिण तीराने चालणारे पुष्कळ जण आता बडवानीनंतर खेतिया, शहादा, प्रकाशा असे डांबरी सडकेने जातात. प्रकाशा तापीकाठी आहे. नर्मदेची परिक्रमा करणारा रात्री तापीच्या काठी झोपतो! बसने पंधरावड्यात परिक्रमा करून येणारेही आपल्या मंडळात आहेत. त्यात गैर काही नाही, पण त्यांना शिधा मागावा लागत नाही आणि काठावरच्या घराला तो मोजावा लागत नाही.

आजीची एक गोष्ट राहिली. १९७८ साली जलूदहून पंपांनी घाट चढून नर्मदा इंदूरला आली. जलूद मंडलेश्वरच्या शेजारचं, त्याच तीरावरचं. आमच्या नळाला पहिल्यांदा ते पाणी आलं त्या सकाळी आजीने तांब्या भरून देवापुढे ठेवला. मग पिठाचा डबा उघडून एक वाटी ज्वारीचं पीठ काढलं, डाळ, मीठ, दोन मिरच्या ठेवल्या आणि आजोबांना म्हणाली, ‘‘कोणी दिसतंय का बघून या हो.’’ आजोबा छत्रीबागेपर्यंत गेले. तिथे एक बुवा बसलेले होते, ते परिक्रमावासी नव्हते. शिधा त्यांना दिला.