ढोलीची नोंद कुठल्या रजिस्टरात?

तुमच्या हाती दिलेलं काम एका ओळीचं आहे. पेण ते रोहा या पट्ट्यात जंगल ज्या रीतीने राखलं, तोडलं आणि लावलं जातं, त्याने वटवाघळांचं काय होतं ते शोधायचं. मुदत मात्र लांबलचक आहे. सुरुवात 1886 पासून करा.

हिवाळा सरत आलाय. पेणच्या पूर्वेकडच्या उतारावर तुम्ही उभे आहात आणि समोरच्या ऐनावर चढून एक कुणबी कोयत्याने कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडतोय. खाली बायका भारे बांधताहेत. ही सगळी तयारी राबाची. शेण, कवळ, गवत, वर मातीचा थर, पावसाआधी हे पेटवायचं आणि भाजलेल्या जागेत भाताचं रोप करायचं. 1878 च्या वनकायद्यानंतर कवळीवर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल पुढच्या वर्षी, 1887 मध्ये येईल.

तुम्ही झाडाच्या तब्येतीची चौकशी करता. वरून उत्तर येतं, "दादा, ऐन तोडून मरत नाय. पावसाला परत फुटतो."

खरं आहे. पण बुंध्याजवळ जाऊन पाहा. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, जुन्या घावांच्या गाठी, आणि पुरुषभर उंचीवर एक काळी फट. वर्षानुवर्षं घाव बसले तिथे पाणी मुरलं, गाभा कुजला, ढोली झाली. फटीच्या कडा गुळगुळीत, तेलकट झाल्या आहेत. खाली मुळाशी किड्यांच्या पंखांचे तुकडे पडलेत. हात घालू नका. अंधार पडू द्या. एक, मग दोन, मग पाच-सात जीव फटीतून सुटतात आणि फांद्यांमधून वळसे घेत नाहीसे होतात. तुमच्या कानाला काहीच ऐकू येत नाही. वटवाघळांचा आपल्या कानांपलीकडचा आवाज यंत्रावर पकडायला हार्वर्डमधल्या ग्रिफिन आणि पिअर्स यांना 1938 साल उजाडावं लागेल.

सरकारी अधिकाऱ्याच्या लेखी हा ऐन नासलेला आहे. सरळ सोट नाही, गाभा नाही, मुंबईच्या वखारीत त्याला भाव नाही. शेतकऱ्याला तो कवळीपुरता हवा. दोघांचं भांडण याच झाडावरून चाललंय आणि आत राहणाऱ्यांची खबर दोघांनाही नाही.

1913 मध्ये या. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू झालीय. तिच्यामागे रॉटन हा मुंबई इलाख्यात नोकरी केलेला वनाधिकारी आहे. बेळगावकडच्या बारापेडे गुहेतल्या एका वटवाघळाला लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमसने याच वर्षी रॉटनचं नाव दिलं. मला हा योग मोलाचा वाटतो, कारण जंगल तोडण्याचं वेळापत्रक आणि वटवाघळाची कवटी एकाच माणसाच्या हाताखालून गेली होती. त्या काळचं शास्त्र मात्र कातडी, दात आणि मोजमापं यांच्यात गुंतलेलं. झाड गेल्यावर प्राणी कुठे जातो हा प्रश्न मांडायला कुणी नव्हतं.

25 सप्टेंबर 1930. पेणपासून फार लांब नसलेल्या चिरनेरमध्ये जंगल सत्याग्रहींवर गोळीबार होतो, माणसं मरतात. इथे मोजमापाची वही मिटा आणि उभे राहा. जंगल कुणी सांभाळायचं हा प्रश्न इथल्या लोकांनी रक्त सांडून विचारलाय, आणि आपला प्रश्न त्याच्याच पोटातला आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत धूर दिसेल. कोळशाच्या भट्ट्या, त्यांच्याभोवती कातकरी कुटुंबांच्या झोपड्या, रोह्याकडे उतरणाऱ्या गाड्या. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडून झाला की खुंटांना धुमारे फुटतात, मोकळ्या जागी साग लावला जातो. काही वर्षांत उतार पुन्हा हिरवा दिसतो. याच ठिकाणी आपल्या कामाची मेख आहे. एकाच वयाच्या सडपातळ खोडांत ढोली होत नाही. तिला म्हातारपण लागतं. झाड पोकळ व्हायच्या वयात येण्याआधीच तोडीची पुढची पाळी आली, तर जंगल हिरवं राहतं आणि आतली घरं संपतात.

1986 मध्ये रोह्याला रेल्वे आली आणि त्याच वर्षी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान फणसाड अभयारण्य झालं. आजच्या काळात सुपेगावच्या बाजूने आत शिरा. इथे पाणवठ्याला गाण म्हणतात. आता तुमच्याकडे ध्वनियंत्र आहे. गाणीच्या काठावर ते लावा. घोड्याच्या नालेसारखं नाक असलेलं वटवाघूळ 80 किलोहर्ट्झच्या आसपास एकसुरी आवाज काढतं. हा आवाज हवेत लवकर विरतो, म्हणून ते दाट झाडीत, जवळच्या भक्ष्यावर जगतं. उघड्या माळाची त्याला अडचणच. भेरली माडाखाली थांबा. तिथे आखूड नाकाच्या फळवटवाघळाचा नर घोसाच्या आतल्या लडी चावून काढतो आणि स्वतःसाठी घुमट करतो. पुण्यात विषाणू संशोधन करणारे एच. आर. भट आणि अमेरिकेचे टॉमस कुंझ यांनी 1995 मध्ये हे नोंदवून ठेवलंय.

अशा पाहण्यांतून काय हाती लागतं ते तमिळनाडूतल्या वालपराईत दिसलं. क्लेअर वर्डली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात चहाच्या उघड्या मळ्यांत वटवाघळं सर्वांत कमी आढळली. देशी झाडांच्या सावलीतली कॉफी आणि ओढ्याकाठचं रान त्यांना बरंच मानवलं. म्हणजे माणसाने जंगल वापरलं की सगळं संपतं असं नाही. कसं वापरलं यावर ठरतं. पेण-रोह्यात याचा पोटाशी संबंध आहे. थायलंडमधल्या वटवाघळांच्या विष्ठेत भातावरचे तुडतुडे सापडलेत, आणि आपली शेतंही जंगलाला लागूनच आहेत.

कायद्यानेही वळण घेतलंय. फळवटवाघळं दशकानुदशकं वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. 2022 च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला. आता कुऱ्हाड कुठे थांबवायची हे ठरवायला वनखात्याबरोबर गावही बसू शकतं.

तेव्हा पुढच्या कुपाची आखणी होईल त्या दिवशी हजर राहा. ढोलीचा ऐन दिसला तर त्यावर तोडीचा हातोडा मारू देऊ नका, आणि आराखड्यात त्याच्या नावाचा एक रकाना मागून घ्या.