डोंगरउतारासाठी जुना ट्रॅक्टर निवडताना

मावळ, मुळशी, भोर, जावळी, पाटण किंवा उत्तरेकडे अकोले, इगतपुरी या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत वडिलोपार्जित दोन-चार एकर जमीन असलेली असंख्य कुटुंबे आज मुंबई-पुण्यात स्थायिक आहेत. निवृत्तीनंतर किंवा सुटीच्या दिवसांत ही जमीन पुन्हा कसण्याची इच्छा अनेकांना होते. मात्र शहरात राहून बैलजोडी सांभाळता येत नाही, ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत आणि एवढ्याशा क्षेत्रासाठी नवा ट्रॅक्टर घेणे परवडत नाही. त्यामुळे नजर साहजिकच जुन्या ट्रॅक्टरकडे वळते.

अशा खरेदीत पहिला प्रश्न बहुधा ‘किती एचपीचा?’ असा असतो. सपाट रानासाठी तो रास्त आहे. डोंगराळ जमिनीत मात्र ओढण्याच्या ताकदीपेक्षा उतारावर स्थिर उभे राहण्याची आणि हमखास थांबण्याची क्षमता अधिक मोलाची ठरते. चढ चढू न शकणारा ट्रॅक्टर मालकाची निराशा करतो. उतारावर न थांबणारा ट्रॅक्टर चालकाचा जीव घेऊ शकतो.

आधी जमीन मोजावी

ट्रॅक्टर पाहायला जाण्यापूर्वी स्वतःच्या जमिनीचा उतार मोजणे आवश्यक आहे. त्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि मोजपट्टी पुरते. दहा मीटर आडव्या अंतरात जमीन एक मीटर उतरत असेल, तर तो १० टक्के उतार. दीड मीटर उतरत असेल, तर १५ टक्के. ढोबळमानाने १० टक्क्यांपर्यंतच्या जमिनीत सावधपणे काम करता येते. १५ टक्क्यांच्या पुढे आडवे चालवणे धोक्याचे होऊ लागते आणि पावसाने निसरड्या झालेल्या जमिनीत ही मर्यादा आणखी खाली येते.

येथे एक पेच उभा राहतो. माती वाहून जाऊ नये म्हणून मशागत उताराला आडवी, समपातळी रेषेत करावी, असे मृद्संधारणाचे शास्त्र सांगते. ट्रॅक्टर मात्र कुशीवर उलटण्याची भीती आडवे चालतानाच सर्वाधिक असते. यावर यंत्रातून मार्ग निघत नाही, तो जमिनीच्या वापरातून काढावा लागतो. सौम्य उताराचे तुकडे आणि रुंद खाचरे ट्रॅक्टरसाठी ठेवावीत. तीव्र उताराच्या वरकस जमिनीत खड्डे घेऊन आंबा, काजू, जांभूळ यांसारखी झाडे लावावीत किंवा गवत राखावे. खाचरांची रुंदी, बांधांवरून जाणाऱ्या वाटा आणि वळायला मिळणारी जागाही मोजून लिहून ठेवावी. वळताच येत नसेल, तर कितीही स्वस्त ट्रॅक्टर महागच पडतो.

उलटण्याचे गणित

ट्रॅक्टर दोन प्रकारे उलटतो. पहिला प्रकार कुशीवर उलटण्याचा. आडव्या उतारावर चालताना वरचे चाक दगडावर चढते किंवा खालचे चाक खड्ड्यात उतरते आणि गुरुत्वमध्य चाकांच्या आधाराबाहेर जातो. चढाच्या बाजूला झटकन वळवल्यानेही हेच घडते.

दुसरा प्रकार मागे उलटण्याचा असून तो अधिक फसवा आहे. चढावर मागची चाके चिखलात रुतली किंवा फण जांभ्या खडकात अडकला, तर इंजिनाची ताकद चाके फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरवू लागते. पुढची चाके उचलली जातात आणि चालकाला सावरायला क्षणाचीही उसंत मिळत नाही. म्हणूनच ओझे नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. साखळी वरच्या दुव्याला किंवा आसाला बांधून झाडाचे बुंधे ओढणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

या दोन्ही प्रसंगी जीव वाचवणारी वस्तू एकच, ती म्हणजे आसनामागे बसवलेली मजबूत संरक्षक चौकट आणि तिच्या जोडीला आसनपट्टा. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर तेथे उलटण्याने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. आपल्याकडील बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर ती नसते. उन्हासाठी लावलेले पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे छत म्हणजे संरक्षक चौकट नव्हे. चौकट त्या मॉडेलसाठी तयार केलेली आणि चाचणी झालेली असावी. गावातल्या वेल्डरकडून नळ्या जोडून घेतलेला सांगाडा वजनाखाली दुमडू शकतो. ज्या मॉडेलला योग्य चौकट बसवता येत नाही, ते उतारासाठी निवडूच नये.

वजन, रुंदी आणि चार चाके

मोठ्या इंजिनाचा मोह येथे आवरावा लागतो. ३५ ते ४० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारणतः पावणेदोन ते दोन टन भरते. अरुंद खाचराच्या काठावर एवढे वजन गेले, तर बांधच ढासळतो. दोन-तीन एकरांसाठी १५ ते २५ अश्वशक्ती बहुधा पुरेशी असते. मात्र लहान ट्रॅक्टर म्हणजे सुरक्षित ट्रॅक्टर, असे समीकरण मांडता येत नाही. द्राक्षबागेच्या दोन ओळींतून जाण्यासाठी बनवलेले मॉडेल अरुंद असते आणि अरुंदपणा कुशीवर उलटण्याला पोषक ठरतो. चाकांमधील अंतर वाढवता येते का, हे म्हणून पाहावे. अनेक ट्रॅक्टरांत मागच्या चाकांची रिंग उलटी बसवून ते वाढवता येते. मागच्या टायरांत पाऊण भागापर्यंत पाणी भरल्यास वजन जमिनीलगत राहते आणि पकडही सुधारते.

चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रॅक्टरचे महत्त्व चढापेक्षा उतारावर अधिक जाणवते. जुन्या दोनचाकी चालनाच्या ट्रॅक्टरांत ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो. उतरताना वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक लागूनही ती घसरतात. चारचाकी चालन जोडलेले असेल, तर इंजिनाचा रोध पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो. ब्रेक तेलात बुडालेले असल्यास उत्तम. कोरड्या प्रकारचे ब्रेक चिखलपाण्यात लवकर दगा देतात.

बाजारातील परिचित नावे

जुन्या ट्रॅक्टरची किंमत त्याच्या सुट्या भागांच्या उपलब्धतेवर ठरवावी. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९७१ मध्ये पिंजोर येथे झेटरच्या सहकार्याने सुरू केलेले एचएमटी ट्रॅक्टर टिकाऊपणासाठी ओळखले जात. मात्र तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे स्वस्तात मिळणारा एचएमटी घेण्यापूर्वी परिसरात त्याचे भाग आणि जाणता मिस्त्री आहे का, याची खात्री करावी. १९७४ पासून बाजारात आलेला स्वराज हा पंजाब ट्रॅक्टर्सचा. ती कंपनी २००७ मध्ये महिंद्राकडे आली आणि स्वराज हे नाव पुढेही चालू राहिले. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेकडे गेला. मॅसी फर्ग्युसन १०३५ हे टॅफेचेच मॉडेल खेडोपाडी परिचित आहे. परंतु लहान खाचरांच्या मानाने ते जडच.

हलक्या गटात व्हीएसटी शक्तीचा १८.५ अश्वशक्तीचा एमटी १८० डी, महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा युवराज २१५ आणि २००८ मध्ये भारतात आलेल्या कुबोटाची चारचाकी चालनाची छोटी मॉडेल्स आढळतात. एकाच नावाच्या मॉडेलमध्येही दोनचाकी आणि चारचाकी चालनाचे प्रकार असू शकतात. प्रत्यक्ष पाहूनच खात्री करावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषियंत्र चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालांत ट्रॅक्टरचे वजन, गुरुत्वमध्य, वळण्याची त्रिज्या आणि ब्रेकची कामगिरी नोंदलेली असते. विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा अशी नोंद अधिक विश्वासार्ह होय.

ट्रॅक्टरचे पूर्वायुष्य

किती तास चालला, यापेक्षा कशाला जुंपला होता, हे जाणणे उपयोगी पडते. जुन्या ट्रॅक्टरचा तासमापक अनेकदा बंद असतो किंवा बदललेला असतो. पश्चिम महाराष्ट्रात हंगामभर उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढलेल्या किंवा वीटभट्टीवर राबलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक आणि मागचा आस झिजलेले असण्याची शक्यता अधिक. चिखलणीत वापरलेल्याच्या पुढच्या आसाचे ऑइल सील आणि ब्रेक पाहावेत. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागेतून आलेला लहान ट्रॅक्टर फवारणीच्या ब्लोअरला जुंपलेला असतो. त्याच्या पीटीओचा आवाज ऐकावा आणि औषधांमुळे पत्रा व नळ्या गंजल्या आहेत का, ते तपासावे. ड्रॉबारचे लांबट झालेले भोक आणि गुळगुळीत झालेले पेडल नव्या रंगाखालूनही खरी हकिगत सांगतात.

तपासणीचा क्रम

परिचयाचा मिस्त्री सोबत घेऊन सकाळीच जावे आणि इंजिन आपल्यासमोर थंड असतानाच सुरू करायला सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन दोष लपवते. निळा धूर सतत येत असेल, तर तेल जळते आहे. तेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी शिरते आहे. इंजिनातील हवा जिथून बाहेर पडते त्या नळीतून धूर जोराने फेकला जात असेल, तर पिस्टन-लायनरचा खर्च गृहीत धरावा.

ट्रॅक्टर उतारावर उभा करून ठेवलेला आढळला, तर त्याचे कारण विचारावे. बॅटरी किंवा स्टार्टर निकामी झालेला ट्रॅक्टर उतारावरून घरंगळवत सुरू करण्याची सवय अनेक ठिकाणी असते. डोंगराळ जमिनीत ही सवय जीवघेणी ठरू शकते.

त्यानंतर ब्रेकची परीक्षा घ्यावी. प्रथम सपाट, मोकळ्या जागी दोन्ही पेडल एकत्र अडकवून दाबावीत. ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला पाहिजे. मग अनुभवी चालकाकडून तो सौम्य उतारावर नेऊन हँडब्रेकवर उभा राहतो का, ते पाहावे. उतरताना खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून द्यायला सांगावे. झिजलेला गिअर ओढताना तक्रार करत नाही. उतारावर मात्र आपोआप निसटतो. सपाट रस्त्यावरच्या फेरीत हा दोष कळून येत नाही, म्हणून ही चाचणी टाळू नये. शेवटी अवजार उचलून इंजिन बंद करावे. ते भराभर खाली बसत असेल, तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. स्टिअरिंग, पुढच्या आसाचे बुश, टायरच्या भेगा आणि पीटीओवरील संरक्षक झाकण यांची पाहणीही राहून जाऊ नये.

कागदपत्रांची बाजू

शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि पुढे तपासणीनंतर दर पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. आरसी बुकातील इंजिन व चासी क्रमांक प्रत्यक्ष क्रमांकांशी ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असल्यास ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. परराज्यातील ट्रॅक्टरसाठी फॉर्म २८ प्रमाणे मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत हस्तांतराची नोंद करण्यासाठी अर्ज करावा आणि विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. ट्रॉली सोबत घेतली, तर तिचे कागद स्वतंत्रपणे तपासावेत.

घेतल्यानंतर, आणि न घेतल्यास

किंमत ठरवताना ब्रेक, क्लच, टायर आणि संरक्षक चौकट यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. ‘आधी घेऊ, मग दुरुस्त करू’ हे धोरण इंजिनाच्या बाबतीत पैशांवर निभावते, ब्रेकच्या बाबतीत निभावत नाही. पुढे काही नियम कसोशीने पाळावेत. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडू नये. ब्रेकची दोन्ही पेडल जोडलेली ठेवावीत. चौकट असेल, तर आसनपट्टा बांधावा. मडगार्डवर कोणालाही, विशेषतः सुटीत गावी आलेल्या मुलांना, बसवू नये.

जमिनीची मोजणी करून पाहिल्यावर ट्रॅक्टरचे काम वर्षातून मोजक्याच दिवसांचे आहे, असेही आढळू शकते. अशा वेळी गावातील जाणत्या चालकासह ट्रॅक्टर भाड्याने आणणे किंवा अरुंद खाचरांसाठी पॉवर टिलर वापरणे शहाणपणाचे ठरते. टिलरलाही तीव्र उतार मानवत नाही. परंतु खाचरात नेण्या-आणण्यास तो सोपा असतो आणि चालक त्याच्यासोबत चालत असल्याने यंत्राखाली सापडण्याची शक्यता कमी होते.

डोंगरातली जमीन कसण्याची हौस वर्षानुवर्षे टिकावी, तर जिथे ट्रॅक्टर न्यायचा नाही अशी रेघ मालकाने खरेदीपूर्वीच आखून घेतली पाहिजे. त्या रेघेच्या अलीकडे ज्याच्या ब्रेकवर निर्धास्तपणे भरवसा ठेवता येईल, तोच ट्रॅक्टर त्या जमिनीसाठी योग्य, मग त्याचा रंग कितीही उडालेला असो.