उच्च रक्तदाब आणि श्रवण

उच्च रक्तदाब आणि श्रवण : १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब दीर्घकाळ राहिल्यास प्रौढांच्या आंतरकर्णाच्या रक्तपुरवठ्यावर होणारा परिणाम व त्यातून संभवणारी श्रवणहानी. ती दुखत नाही, त्यामुळे ‘वय झालं’ म्हणून सोडून दिली जाते.

कॉक्लिया या ध्वनिग्राही अवयवाला रक्त पुरवणारी धमनी जवळपास एकटीच असते. ती अरुंद झाली तर पर्यायी वाट नाही. कॉक्लियाच्या भिंतीतील स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस हा रक्तवाहिन्यांचा पट्टा आतील द्रवात पोटॅशियम आणि सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवतो. ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी त्याच्याच जोरावर काम करतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या वृद्धांवरील १९९३ च्या अभ्यासात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार आणि खालच्या स्वरांची श्रवणहानी यांचा संबंध आढळला. तो स्त्रियांत अधिक ठळक होता. मात्र वय, मधुमेह, तंबाखू आणि गोंगाट यांच्यापासून रक्तदाबाचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे.

पालघर तालुक्यातील मुरबे या मच्छीमार गावात असे अनेक घटक एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात. खलाशी डिझेल इंजिनाच्या आवाजात समुद्रावर असतो. तारापूर औद्योगिक वसाहतीतला कामगार यंत्रांजवळ पाळी करतो. गोंगाट केसपेशींना इजा करतो आणि दीर्घकाळ सोसल्यास रक्तदाबही वाढवतो. जेवणात खारवलेली मासळी नेहमीची असेल, तर मिठाची भर पडते. आवाजाने झालेली हानी श्रवणालेखात बहुधा ४००० हर्ट्झजवळ खाच पाडते. मग ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि माणूस सांगतो : ऐकू येतं, पण कळत नाही.

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर दडा बसला समजून तेल घालत बसू नये. तीन दिवसांच्या आत उद्भवणारी अशी श्रवणहानी आणीबाणी असते. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका बरा. नाडीच्या ठेक्यावर कानात धडधडणारा आवाजही तपासून घ्यावा.

फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध शिरेतून मोठ्या मात्रेत, वेगाने दिल्यास, विशेषतः मूत्रपिंड निकामी असताना, कानाला बाधू शकते. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या त्या धास्तीने मनाने बंद करू नयेत. रक्तदाबाच्या रुग्णाचे डोळे आणि मूत्रपिंड तपासण्याची शिस्त रुळली आहे. गोंगाटात काम करणाऱ्यांसाठी त्यात श्रवणचाचणीही असायला हवी.