जालन्याच्या गढीचे बुरूज

मराठवाड्यातील दुर्गांची चर्चा निघाली की देवगिरीचे नाव प्रथम येते. जालन्याची गढी दुर्लक्षित राहते. म्हणून तिच्या बुरुजांविषयी येथे थोडे लिहीत आहोत.

निजाम-उल-मुल्क असफजाह याच्या आज्ञेने काबिलखानाने ही गढी १७२५ मध्ये बांधली. तिची आखणी चौकोनी असून कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज आहेत. काटकोनी कोपऱ्याच्या पुढील जागा पहारेकऱ्याच्या नजरेआड राहते आणि तोफेच्या माऱ्याने असा कोपरा लवकर ढासळतो. तटाबाहेर आलेल्या गोल बुरुजावरून मात्र दोन्ही भिंतींचा पायथा दृष्टीस पडतो. आतील विहिरीस दालने व सज्जे आहेत. वेढ्याच्या वेळी पाण्याचे मोल पहाऱ्याइतकेच असे.

तथापि २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले आणि २३ सप्टेंबरला याच परिसरात असईची लढाई झाली.

याच जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचा उल्लेख सांचीच्या दानलेखांत आढळतो. ते लेख अभ्यासकांनी जपले, म्हणूनच ते दाते आपणांस ठाऊक आहेत. हीच आस्था या बुरुजांच्याही वाट्यास यावी, असे आम्हांस वाटते.