रामदास बोट आणि आपल्या पोरांची सहल

बुलढाण्याच्या माणसाने समुद्रावर लिहावं म्हणजे जरा हसण्यासारखंच. आपलं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर, नाहीतर पेनटाकळी-खडकपूर्णाची धरणं. दर्याशी जुना संबंध फक्त कापसाचा. १८७० साली खामगावला रेल्वे आली, ती इथल्या गाठी मुंबईमार्गे विलायतेला पाठवायला. गाठी बोटीत चढल्या, आपण नाही.

आता मात्र चढतो. हिवाळ्यात एसटीच्या सवलतीच्या गाड्या करून शाळांच्या सहली मुंबईला निघतात आणि गेटवेवरून घारापुरीची किंवा मांडव्याची बोट कार्यक्रमात असते. म्हणून ही जुनी गोष्ट.

कोकण रेल्वे नव्हती तेव्हा कोकणी माणसाची एसटी म्हणजे आगबोट. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण करत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. कित्येक बंदरांना धक्काच नव्हता. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे, मग पेट्या, वळकट्या, म्हाताऱ्या, तान्ही पोरं त्या हलत्या पडावात उतरवायची. गाव समोर दिसतंय आणि पाय अजून पाण्यावरच!

स्वदेशीच्या लाटेत गोऱ्यांच्या कंपनीला टक्कर द्यायला आपल्या लोकांनी सहकारी कंपनी काढली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. बोटींना संतांची नावं दिली, म्हणजे माणूस भरवशाने चढेल. त्यातली 'तुकाराम' आणि तिच्यासोबत 'जयंती' अशा दोन बोटी नोव्हेंबर १९२७ मध्ये एकाच दिवशी वादळात बुडाल्या. तरी लोक चढत राहिले. दुसरा रस्ता कुठे होता?

मग १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गटारी अमावस्या, गावी जायची घाई. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' रेवसला निघाली. तास-दीड तासाचा प्रवास. वाटेत पावसाने आणि लाटांनी गाठलं. बोटीत पाणी यायला लागलं तशी माणसं जीव वाचवायला एका बाजूला धावली, भार तिकडे गेला आणि बोट कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ता नाही. काही जणांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं म्हणून ते वाचले.

जुनी गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा माणसं गेली. 'नीलकमल'मध्ये परवान्यापेक्षा जास्त लोक होते. बऱ्याच जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. माणसं गेल्यावरच सक्ती होते, ही आपली जुनी रीत.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. त्याच्या काही वर्षं आधी मी कुटुंबासह अशाच एका बोटीने मांडव्याला गेलो होतो. खलाशाला जॅकेट मागितलं तर तो म्हणाला, "काका, कशाला? पाऊण तासात पोचतो आपण." फारच लावून धरलं तेव्हा बाकाखालून दोरीने बांधलेला गठ्ठा निघाला. गाठ सुटता सुटेना. धक्का समोर दिसायला लागला तसा अख्खा जमाव मोबाईल घेऊन एका कठड्याला लोटला आणि बोट चांगलीच कलली. माझ्या पोटात गोळा आला, पण बाकी सगळे हसत होते. आपल्याकडच्या माणसाला काय माहीत, भार एका बाजूला गेला की काय होतं ते.

यंदा ज्या शाळांची सहल मुंबईला चालली आहे, त्यांच्या सरांना आणि मॅडमना एवढंच विचारायचंय: मुलांच्या मापाची जॅकेटं बोटीवर आहेत का, आणि परवाना किती जणांचा आहे, हे चढायच्या आधी कोण बघणार? पालकांनीही विचारा. सभेत विचारायला लाज वाटत असेल तर इथे कमेंटमध्ये शाळेचं गाव लिहा, मी फोन करून विचारतो.