एसीएलच्या ऑपरेशननंतरचा पहिला आठवडा: प्लास्टर कसं गेलं आणि व्यायाम कसा आला

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी जण असेलच, ज्याचं एसीएलचं ऑपरेशन झालंय. टर्फवर फुटबॉल खेळताना पाय वळला, कबड्डीत पकड करताना गुडघा मुरगळला, नाहीतर पावसात बाईक घसरली. आणि मग ऑपरेशन झालं की त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओ खोलीत येतो आणि म्हणतो, "चला, मांडी आवळून दाखवा. आता कुबड्या घेऊन उभे राहा."

घरचे हादरतात. कालच तर गुडघ्यात स्क्रू घातलेत, आणि हा माणूस उभं राहा म्हणतोय?

गंमत अशी की साधारण पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टर घरच्यांच्याच बाजूने होते. पेशंटचा पाय मांडीपासून खाली प्लास्टरमध्ये जायचा आणि सहा-सहा आठवडे तसाच राहायचा. तर आजचा प्रश्न असा: सहा आठवड्यांचं प्लास्टर ते पहिल्याच दिवशी व्यायाम, हा प्रवास झाला कसा?

आधी थोडं गुडघ्याबद्दल

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या बांधून ठेवतात. त्या एकमेकींवर फुलीसारख्या जातात. पुढची दोरी म्हणजे एसीएल. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे तिचं काम. ती पूर्ण तुटली की बहुतेक वेळा नीट सांधली जात नाही. म्हणून आपल्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध, मांडीच्या मागचा नाहीतर गुडघ्याच्या वाटीखालचा, काढून तिथे बसवतात. त्याला म्हणतात ग्राफ्ट.

ही सर्जरी आपल्याला नवीन वाटते, पण तिचं मूळ बरंच जुनं आहे. १८९५मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात आर्थर मेयो-रॉबसन या सर्जनने कोळशाच्या खाणीतल्या एका कामगाराच्या गुडघ्यातली तुटलेली लिगामेंट्स शिवली आणि १९०३मध्ये ती केस छापली. १९१७मध्ये ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाजूची पट्टी वापरून नवीन लिगामेंटच तयार केलं. म्हणजे दोरी बदलायची आयडिया शंभर वर्षांहून जुनी. मोठा बदल झाला तो ऑपरेशननंतरच्या दिवसांत.

विश्रांतीचं राज्य

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या नावाची थॉमस स्प्लिंट आजही हॉस्पिटलमध्ये दिसते. आजारी सांध्याला सक्तीची, सलग आणि लांबलचक विश्रांती द्या, हा त्यांचा मंत्र. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती आणि क्षयाने सांधे सडायचे, त्यामुळे त्या काळात याला अर्थ होता. त्यातच १८५०च्या सुमारास डच लष्करी डॉक्टर अँटोनियस माथाइसेन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आणली होती. सांधा जखडून ठेवणं एकदम सोपं झालं.

विरोधी आवाजही होते. फ्रान्समध्ये लुकास-शाँपिओनिएर हे सर्जन फ्रॅक्चरनंतर लवकर हालचाल आणि मालिश करा म्हणत होते. १९४७मध्ये लंडनच्या रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी तर अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर लेखच लिहिला. रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हे त्यांनी एकेक करून मांडलं. पोटाच्या ऑपरेशनचे पेशंट हळूहळू लवकर उठायला लागले. गुडघा मात्र प्लास्टरमध्येच राहिला.

कारण भीती खरी होती. ग्राफ्ट ताजा आहे, हलवला तर सैल पडेल, तुटेल. सर्जनचं सगळं लक्ष त्या एका दोरीवर. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एक मॉड्यूल वाचवायला सगळी सिस्टिम बंद ठेवली होती.

प्लास्टरच्या आत काय चाललं होतं?

हे तीन टप्प्यांत कळत गेलं.

पहिला टप्पा १९६५चा. संशोधकांनी दाखवलं की गुडघ्यात द्रव साठला की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप मंद होतो. इथे दुखणं हा मुद्दाच नाही. सांधा फुगलाय असा निरोप मज्जातंतूंमधून जातो आणि स्नायूला मिळणारा हुकूम कमी होतो. ऑपरेशननंतर "मी मांडी आवळतोय, पण ती आवळतच नाहीये" असं जे होतं ना, त्याचं एक मोठं कारण हे.

दुसरा टप्पा १९७०च्या दशकातला. अमेरिकेत फ्रँक नोयस आणि सहकाऱ्यांनी माकडांना आठ आठवडे प्लास्टरमध्ये जखडून ठेवलं. आज वाचताना वाईटच वाटतं. पण निकाल धक्कादायक होता. गुडघ्यातल्या धडधाकट लिगामेंटची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. पुढे पाच महिने मोकळं सोडूनही ती पूर्ण परत आली नाही. म्हणजे ज्या दोरीला जपायला प्लास्टर घातलं, तीच प्लास्टरमुळे कमजोर होत होती.

तिसरा टप्पा १९७९चा, स्वीडनमधला. हॅगमार्क आणि एरिक्सन यांनी लिगामेंटच्या ऑपरेशननंतर काही पेशंटना नेहमीचं सरळ प्लास्टर दिलं आणि काहींना बिजागरी असलेलं, गुडघा वाकू देणारं. मग मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. बंद प्लास्टरवाल्यांचा स्नायू जास्त झिजलेला निघाला.

त्याच सुमारास कॅनडात रॉबर्ट सॉल्टर सशांवर प्रयोग करून दाखवत होते की सतत हलणाऱ्या सांध्यातली कूर्चा चांगली भरून येते. त्यातून पाय आपोआप वाकवणारं सीपीएम मशीन आलं. पुढे एसीएलसाठी ते बऱ्याच ठिकाणी मागे पडलं, कारण स्वतः व्यायाम करणाऱ्या पेशंटला त्याचा फारसा जादा फायदा दिसला नाही.

न ऐकणारे पेशंट

आता माझा आवडता भाग. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये डोनाल्ड शेलबोर्न नावाचे सर्जन एसीएलची ऑपरेशनं करत होते. पेशंटना तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे जपून राहायला सांगायचे. पण काही पेशंट ऐकायचेच नाहीत. पट्टा काढून ठेवायचे, कुबड्या लवकर सोडायचे, सांगितल्यापेक्षा जास्त चालायचे.

आमच्याकडे युजर मॅन्युअलप्रमाणे वागला नाही की आम्ही त्याच्या नावाने खडे फोडतो. शेलबोर्ननी त्यांचे गुडघे मोजले. न ऐकणाऱ्यांचे गुडघे लवकर मोकळे झाले होते आणि ग्राफ्टही सैल पडले नव्हते! मग त्यांनी नियमच बदलले. पहिल्या दिवसापासून गुडघा पूर्ण सरळ करायचा, झेपेल तसं वजन टाकायचं. १९९०मध्ये शेलबोर्न आणि पॉल निट्झ यांनी हे निष्कर्ष छापले आणि जगभरचे प्रोटोकॉल हलले.

पुढच्याच वर्षी त्यांच्या टीमने आणखी एक गोष्ट दाखवली. दुखापतीनंतर पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन केलेल्यांचे गुडघे जास्त आखडले. तीनेक आठवडे थांबलेल्यांचे कमी. "आधी सूज उतरू दे, मग बघू" असं डॉक्टर का म्हणतात, ते इथे कळतं.

उशी कुठे ठेवायची?

माझं ऑपरेशन झालं तेव्हा आईने गुडघ्याखाली छान मऊ उशी सरकवली. "अगं, राहू दे वाकडा, बरं वाटतंय ना?" खरंच बरं वाटत होतं. फिजिओ आला आणि म्हणाला, "काकू, उशी टाचेखाली." टाच वर, गुडघा अधांतरी. पाच मिनिटांत डोळ्यांत पाणी.

वाकलेल्या गुडघ्याला सुजेत आराम वाटतो, म्हणूनच तो तसाच राहू पाहतो. आणि पूर्ण सरळ न होणारा गुडघा नंतर सुधारणं फार अवघड जातं. माणूस लंगडतो, मांडी कधीच नीट भरत नाही. १९९०मध्येच ग्राफ्टच्या पुढे तयार होणाऱ्या आणि गुडघा सरळ होऊ न देणाऱ्या गाठीचं वर्णन छापून आलं. तिचं नाव सायक्लॉप्स. आतून दुर्बिणीने बघितली तर ती एका डोळ्यासारखी दिसते म्हणून.

आता पहिल्या आठवड्याचा कागद परत वाचा. बर्फ आणि पाय उंच, कारण सूज असेल तोवर मांडी जागी होत नाही. टाचेखाली उशी, कारण गुडघा सरळ हवा. मांडी आवळणं, कारण ती दिवसागणिक झिजते. पाऊल वर-खाली हलवणं, कारण पोटरीत रक्ताची गुठळी नको. चार ओळींचा कागद, पण प्रत्येक ओळीमागे अनेक जणांचे आखडलेले गुडघे आहेत.

एक मात्र लक्षात घ्या. सोबत मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, शिवली असेल किंवा जास्त लिगामेंट्स तुटली असतील तर वजन टाकण्याचे आणि वाकवण्याचे नियम वेगळे असतात. तिथे तुमच्या सर्जनचा शब्द शेवटचा.

मग सगळंच फास्ट करायचं का?

नाही! शेलबोर्नच्या गोष्टीतून लोकांनी हाही अर्थ काढला, की लवकर चाललात तर लवकर मैदानातही जा. पण नव्या ग्राफ्टमधल्या बऱ्याच पेशी आधी मरतात, मग त्यात रक्तवाहिन्या येतात, मग तो हळूहळू लिगामेंटसारखा होतो. याला महिने लागतात. २०१६च्या एका नॉर्वेजियन-अमेरिकन अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलला, तितका पुन्हा दुखापतीचा धोका कमी झाला. एकेका महिन्याने जवळपास निम्मा.

ऋषभ पंत आठवतो? ३० डिसेंबर २०२२ला अपघात, जानेवारीत मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंट्सची सर्जरी. फेब्रुवारीत कुबड्यांवर चालतानाचे फोटो आले. आणि आयपीएलमध्ये परत कधी? मार्च २०२४. पावलं महिन्याभरात, मैदान वर्षाहून जास्त.

इतिहासाचा हिशेब असा उलटा लागला. पूर्वी पहिले सहा आठवडे गुडघा जखडायचे. आता पहिल्या दिवशी हलवतात आणि मैदानासाठी मात्र जास्त थांबवतात. घाई कुठे करायची आणि धीर कुठे धरायचा, हे कळायला वैद्यकाला शंभर वर्षं लागली. तुमच्या त्या मित्राला मात्र आज रात्रीपर्यंत कळायला हवं, कारण उद्या सकाळी फिजिओ येणार आहे.

त्याला हा एपिसोड पाठवा, आणि त्याच्या आईलासुद्धा. उशी तिच्याच हातात असणार आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!